नेटवर्क राखणारे हात
(तंत्रशिक्षण आणि रोजगार या विषयावरील भाषणाचा मजकूर)

मुलाला अथवा मुलीला 'कॉम्प्युटर लाइन'ला घालावयाचे असे घरात ठरले, की पालकांच्या डोळ्यांसमोर बहुधा एकच चित्र उभे राहते : वातानुकूलित कार्यालयात बसून प्रोग्रॅम लिहिणारा अभियंता. या चित्रात गैर काही नाही. परंतु ते अर्धेच आहे. लिहिलेला प्रोग्रॅम ज्या यंत्रावर चालतो ते यंत्र चालू ठेवणारा, एका यंत्राचा दुसऱ्याशी असलेला संबंध तुटू न देणारा आणि पडद्यावर काही भलतेच दिसू लागल्यावर गोंधळलेल्या लिपिकाला धीर देणारा असा एक मोठा वर्ग या व्यवसायात आहे. संगणक-साहाय्य आणि नेटवर्क-व्यवस्थापन ही त्याच्या कामाची नावे. आज या सभेत शिक्षक आहेत, शासकीय अधिकारी आहेत आणि शेजारच्या जिल्ह्यांतून आलेले पंचायतींचे सदस्यही आहेत. या सर्वांचा त्या वर्गाशी रोजचा संबंध येतो; तरीही त्याच्या शिक्षणाचा विचार क्वचितच होतो.

१९ जुलै २०२४ या दिवशी काय घडले, ते अनेकांच्या स्मरणात असेल. संगणकांच्या सुरक्षेचे काम करणाऱ्या क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या प्रणालीत एक सदोष सुधारणा पाठविली आणि जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून थबकले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्याची पाळी आली. सदोष सुधारणा कंपनीने दीड तासाच्या आत मागे घेतली. पण जे संगणक आधीच पडले होते ते तेवढ्याने उठले नाहीत. बहुसंख्य ठिकाणी कोणीतरी त्या यंत्रापुढे जाऊन बसावे, ते सुरक्षित पद्धतीने सुरू करावे, एक विशिष्ट फाइल शोधून काढून टाकावी आणि मग पुढच्या मेजाकडे वळावे, असे करावे लागले. बँकांतून, रुग्णालयांतून, विमान-कंपन्यांतून ते काम ज्यांनी केले, त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. आजच्या विषयाचे नायक तेच होत.

मुंबईच्या उपनगरांना या विषयात एक जुना वारसा आहे आणि तो इथल्या विद्यार्थ्यांना फारसा सांगितला जात नाही. १९७८ मध्ये आय.बी.एम. ही कंपनी भारतातून गेली. तिने देशभर बसविलेल्या मोठ्या संगणकांची निगा आता कोण राखणार, हा प्रश्न उभा राहिला. ते काम १९७५ मध्ये स्थापन झालेल्या 'कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन' या सरकारी कंपनीकडे आले. यंत्रे परदेशी, पण ती चालती ठेवणारे हात देशी, असा तो बदल होता. मोठ्या उद्योगाचे बूड देखभालीच्या कौशल्यावर टेकलेले असते, याचा तो धडाच होता.

पुढची गोष्ट तर थेट अंधेरीच्या परिसरातली. जुहू येथे १९८५ मध्ये राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजेच एन.सी.एस.टी., सुरू झाले. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने शिक्षण व संशोधन संस्थांना जोडणारे 'अर्नेट' हे नेटवर्क उभारण्यास घेतले. त्यातला ई-मेलचा पहिला दुवा १९८६-८७ मध्ये जोडला गेला तो जुहूचे हे केंद्र आणि पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था यांच्यामध्ये, साध्या दूरध्वनीच्या तारेवरून. एक मोडेम दुसऱ्या मोडेमला फोन लावी, ठरलेल्या वेळी निरोपांची देवघेव होई आणि फोन खाली ठेवला जाई. पुढे भाडेपट्ट्याच्या वाहिन्या आल्या, त्यांचा वेग सेकंदाला ९,६०० बिट. आज खिशातल्या फोनला हा वेग क्षणभरही पुरणार नाही. नेटवर्क-व्यवस्थापन हा त्या काळी पदविका म्हणून शिकविला जाणारा विषय नव्हता. ज्यांनी तो दुवा राखला ते राखता राखताच शिकले. एन.सी.एस.टी. पुढे सी-डॅक या संस्थेत विलीन झाली. सामान्य नागरिकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगममार्फत; म्हणजे पवई-जुहू दुवा सुरू झाल्यानंतर आठ-नऊ वर्षांनी.

आज चित्र पालटले आहे. भारताला उर्वरित जगाशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या तारांपैकी अनेक तारा वर्सोव्याच्या किनाऱ्यावर भूमीला लागतात. कोळीवाड्याच्या होड्या जिथून समुद्रात उतरतात, त्याच किनाऱ्याच्या वाळूखालून देशाचे बँकव्यवहार आणि देशाच्या गप्पा येतात-जातात. तिथून पूर्वेला चालत निघावे तर अंधेरीचे औद्योगिक क्षेत्र आणि १९७३ मध्ये स्थापन झालेले सीप्झ लागते. पुढे पवई. मुलुंडहून खाडीपूल ओलांडला, की ऐरोली-रबाळे पट्ट्यातली डेटा सेंटरे. इतक्या लहानशा पट्ट्यात या व्यवसायाच्या इतक्या पायऱ्या एकवटलेल्या आहेत, की इथल्या महाविद्यालयांनी प्रशिक्षणाच्या बाबतीत मागे असावे याला सबब उरत नाही. तरीही ती मागे आहेत, हे खेदाने म्हणावे लागते.

वाटा कोणत्या, ते थोडक्यात पाहावे. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत एक वर्षाचे 'संगणक चालक व प्रोग्रॅमिंग साहाय्यक' आणि 'संगणक हार्डवेअर व नेटवर्क देखभाल' हे व्यवसाय आहेत. माहिती-संचार तंत्रज्ञान प्रणालीच्या देखभालीचा दोन वर्षांचा व्यवसायही आहे. मुलुंड, बोरिवली या ठिकाणी शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. मात्र प्रत्येक संस्थेत प्रत्येक व्यवसाय असतोच असे नाही, हे प्रवेशापूर्वी पाहून घ्यावे. दहावीनंतरच तीन वर्षांची पदविका करता येते. वांद्र्याचे शासकीय तंत्रनिकेतन, विलेपार्ल्याचे भगुभाई मफतलाल तंत्रनिकेतन, विद्याविहारचे सोमैया तंत्रनिकेतन ही नावे सर्वांना परिचित आहेत. बारावीनंतर माहिती तंत्रज्ञानातील बी.एस्सी. आहे, मुलुंडचे वझे महाविद्यालय, घाटकोपरचे झुनझुनवाला महाविद्यालय यांसारख्या अनेक महाविद्यालयांतून ती चालते. याशिवाय १९९० मध्ये सुरू झालेल्या डोएक योजनेचे 'ओ', 'ए' इत्यादी स्तर आहेत. ती संस्था २०११ पासून 'नायलिट' या नावाने ओळखली जाते. पदवीनंतर सी-डॅकची प्रणाली, नेटवर्क व सुरक्षा या विषयांची सहा महिन्यांची पदविकाही घेता येते.

वाटा म्हणजे पुष्कळ आहेत. अडचण आहे ती वाटेवर चालताना पायाला माती लागत नाही, ही.

पदवीच्या तिसऱ्या वर्षाचा एखादा विद्यार्थी सात थरांच्या नेटवर्क-प्रतिमानाची नावे वरून खाली आणि खालून वर घडाघडा म्हणून दाखवितो. त्याला एक केबल, एक पक्कड आणि एक पारदर्शक जोडणी द्यावी आणि तार तयार करावयास सांगावे, म्हणजे शिक्षणाची खरी स्थिती दिसते. त्या तारेत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार पिळलेल्या जोड्या. रूढ क्रम असा : पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी का बसविली आहे, टोकाशी पीळ अर्ध्या इंचाहून अधिक का सोडू नये, तारेची लांबी शंभर मीटरपलीकडे का जाऊ नये, या प्रश्नांची उत्तरे पुस्तकात असतात. परंतु ती कायमची लक्षात राहतात ती तीन जोडण्या वाया गेल्यानंतरच. ज्या प्रयोगशाळेत वर्षभरात एकही जोडणी वाया जात नाही, तिथे बहुधा एकही तार तयार होत नसते.

तार हा आरंभ. खरे कौशल्य बिघाड शोधण्याचे आहे. आपल्याकडील प्रात्यक्षिके बहुतांशी उभारणीची असतात : पायऱ्या फळ्यावर लिहिलेल्या, यंत्रे धडधाकट, शेवटी 'जोडणी यशस्वी' असा निरोप आणि वहीवर सही. नोकरीत मात्र पहिल्या दिवसापासून बिघडलेलेच समोर येते. म्हणून शिक्षकाने मुद्दाम बिघडवून द्यावे. दोन यंत्रांना एकच पत्ता द्यावा आणि एक चालते तेव्हा दुसरे का रुसते ते विद्यार्थ्यांना शोधू द्यावे. एका तारेची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये खोचावीत. जुन्या किंवा साध्या स्विचवर हा खेळ काही क्षणांत सबंध प्रयोगशाळा लुळी करतो आणि कार्यालयातला सफाई कामगार किंवा उत्साही लिपिक तो नकळत करीतही असतो. नावावरून पत्ता सांगणारी सेवा बंद करून पाहावी. संकेतस्थळ उघडत नाही, पण त्याचा आकडी पत्ता दिला की उत्तर येते, हे ज्याने एकदा अनुभवले, तो 'इंटरनेट गेले' या तक्रारीवर आयुष्यात पुन्हा आंधळेपणाने विश्वास ठेवणार नाही. वीज आहे का, तार बसली आहे का, पत्ता मिळाला आहे का, बाहेर जाण्याचे दार सापडते का, नाव ओळखले जाते का, हा क्रम हातात मुरावा लागतो. अनुभवी माणूस हे सारे पाच मिनिटांत उरकतो. नवखा माणूस दोन तास घालवून अखेर सबंध प्रणाली पुन्हा बसवितो आणि त्या भरात कोणाची तरी दहा वर्षांची कागदपत्रे घालवून बसतो.

यासाठी साधने कोठून आणावयाची, हा प्रश्न प्राचार्य विचारतील. तो रास्त आहे, पण उत्तर नाही असे नव्हे. सिस्को कंपनीचे 'पॅकेट ट्रेसर' हे आभासी नेटवर्क रचण्याचे साधन विद्यार्थ्यांना विनामूल्य मिळते. लिनक्स विनामूल्य आहे. ग्रँट रोडच्या डॉ. भडकमकर मार्गावर, ज्याला सारी मुंबई अद्याप लॅमिंग्टन रोड म्हणते, जुने पण चालू स्विच आणि राउटर अल्प किमतीत मिळतात. शासकीय कार्यालयांतून निर्लेखित होणारे संगणक ई-कचऱ्याच्या नियमांना धरून, योग्य त्या मंजुरीने, प्रशिक्षणासाठी देता येतील काय, याचा विचार इथल्या अधिकाऱ्यांनीच करावा. बिघाड शिकण्यासाठी बिघडके यंत्र लागते, ही या विषयाची मोठी सोय आहे!

सर्वांत उत्तम प्रयोगशाळा तर प्रत्येक महाविद्यालयात आधीपासूनच आहे : त्याचे स्वतःचे नेटवर्क. शंभर-दोनशे संगणक, परीक्षा विभाग, ग्रंथालय, कॅमेरे, हजेरीची यंत्रे. हे सारे बहुधा एखाद्या कंत्राटदाराकडे असते. त्याचा माणूस येतो, कुलूपबंद खोलीत जातो, काम करून निघून जातो. नेटवर्क हा विषय शिकणारे विद्यार्थी त्या वेळी शेजारच्या वर्गात नेटवर्कची आकृती वहीत उतरवून घेत असतात. शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांचे साहाय्य-पथक नेमावे, तक्रारींची नोंदवही त्यांनी चालवावी, परीक्षेची व गुणांची यंत्रे मात्र त्यांच्यापासून वेगळी ठेवावीत, इतके केले तरी पुष्कळ साधेल. नोंदवहीत तक्रार कोणाची, केव्हाची, काय तपासले, काय सापडले, काय केले, हे लिहावे. मुलाखतीला जाताना गुणपत्रिकेसोबत अशी वर्षभराची वही नेणारा उमेदवार मागे पडणे कठीण आहे.

यापुढची पायरी शिकाऊ उमेदवारीची. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा. १९७३ मध्ये पदवीधर व पदविकाधारक अभियंते, १९८६ मध्ये उच्च माध्यमिक व्यवसाय-शिक्षण घेतलेले आणि २०१४ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीबाहेरचे पदवीधरही त्याच्या कक्षेत आले. आज माहिती तंत्रज्ञानाच्या बी.एस्सी. पदवीधराला शिकाऊ उमेदवारी मिळू शकते, हे किती महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर लिहिलेले असते? तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन २०१९ च्या नियमांनी घातले आहे. पदवीधर व पदविकाधारकांसाठी पश्चिम विभागाचे शिकाऊ प्रशिक्षण मंडळ शीव येथे आहे, म्हणजे घाटकोपरहून तीन स्थानके. उमेदवाराला वर्षभर खोकी उचलावयास आणि माऊस बदलावयास लावले जाते की काही शिकविले जाते, हे पाहण्याची जबाबदारी महाविद्यालयाने अंगावर घेतली पाहिजे.

नोकरीचे वास्तवही झाकून ठेवू नये. या क्षेत्रातील आरंभीची पदे बहुतांशी कंत्राटी असतात. तरुण बसतो बँकेत, त्याचे नाव असते तिसऱ्याच कंपनीच्या पटावर, आणि दर वर्षी कंत्राट पालटले की त्याची सेवा पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते. नियुक्तिपत्र, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक आणि कामाचे तास या तीन गोष्टी आधी पाहाव्यात, हे प्रशिक्षणाचाच भाग म्हणून शिकवावे. परदेशी ग्राहकांचे काम रात्री चालते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार स्त्रियांना त्यांच्या संमतीने आणि सुरक्षेची व्यवस्था असल्यास रात्री काम करता येते. ती व्यवस्था कोणती, हे विचारण्याचा संकोच मुलींना वाटू नये. दुसरे असे, की विसरलेला पासवर्ड पालटून देण्यासारखी साधी कामे आता बऱ्याच ठिकाणी यंत्रच करते. केवळ फोन उचलण्यापुरते शिकलेल्याची जागा त्यामुळे अरुंद होत आहे. स्थानकाबाहेरच्या भिंतीवर 'शंभर टक्के नोकरीची हमी' असा फलक लावणाऱ्या वर्गांनी हे सांगितलेले नसते. सिस्कोचे सी.सी.एन.ए. सारखे प्रमाणपत्र उपयोगी आहे, पण त्याची मुदत तीन वर्षांची असते, हेही शुल्क भरण्याआधी कळावे.

एका गोष्टीकडे शिक्षक सहसा वळत नाहीत, ती म्हणजे सचोटी. नेटवर्क राखणाऱ्याच्या हाती सर्वांच्या किल्ल्या असतात. कोणाचे पत्र, कोणाचा पगार, कोणाचा वैद्यकीय अहवाल, सारे त्याच्या डोळ्यांखालून जाऊ शकते. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ चा भंग आहे, आणि ते अप्रामाणिकपणे केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने दिलेल्या निदेशानुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटनांची माहिती सहा तासांच्या आत कळवावी लागते आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. हा निदेश शासकीय संस्थांनाही लागू आहे. आपल्या कार्यालयात त्या नोंदी कोण जपतो, याची चौकशी इथून परतल्यावर अधिकाऱ्यांनी करून पाहावी.

मुंबईकरांना पावसाची आठवण वेगळी करून देण्याची गरज नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उपनगरांतले तळमजले पाण्याखाली गेले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली आणि लोकल गाड्या जागीच थांबल्या. सर्व्हर तळमजल्यावर ठेवू नये, नोंदींची एक प्रत इमारतीबाहेर असावी, बॅटरी किती वेळ पुरते हे प्रत्यक्ष वीज बंद करून मोजावे, हे धडे परदेशी पाठ्यपुस्तकात या तपशिलाने येत नाहीत. ते इथल्या शिक्षकालाच लिहावे लागतील, आणि मराठीत लिहावे लागतील. पडद्यावरची आज्ञा इंग्रजीत असते हे खरे. पण फोनवर पलीकडे असलेला तलाठी किंवा अंगणवाडी पर्यवेक्षिका मराठीतच विचारते. 'मागच्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकतो का, ते पाहता का ताई?' असे शांतपणे विचारता येणे ही या व्यवसायातली पात्रता आहे.

इथे पंचायत-सदस्यांचा संबंध येतो. मुंबई उपनगर जिल्ह्यात एकही ग्रामपंचायत नाही. पण डहाणू-पालघरची मुले बोरिवली-अंधेरीला आणि शहापूरची मुले आसनगावहून लोकल धरून मुलुंड-घाटकोपरला शिकावयास येतात. त्यांच्या गावांत प्रकाशतंतूचे जाळे नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली. २०१५ पासून ती भारतनेट म्हणून ओळखली जाते. पंचायतींत आपले सरकार सेवा केंद्रे आहेत. मात्र तार गावात पोहोचणे आणि खिडकीवर दाखला मिळणे यांच्यामध्ये एक राउटर, एक बॅटरी आणि त्यांची नाडी ओळखणारा एक माणूस लागतो. तो नसला, की खिडकीवर 'सर्व्हर डाऊन' असे लिहिले जाते आणि माणसे एस.टी.चे भाडे खर्चून उद्या पुन्हा येतात. दोष कित्येकदा सर्व्हरचा नसतोच. उंदराने कुरतडलेल्या तारेचा किंवा तीन वर्षे न पालटलेल्या बॅटरीचा असतो.

पदविका अभ्यासक्रमात औद्योगिक प्रशिक्षणासाठी राखलेले आठवडे असतात. दर वर्षी त्यासाठी कंपन्यांच्या दारी रांग लागते आणि ज्यांना जागा मिळत नाही ते कुठले तरी प्रमाणपत्र आणून देतात. या विद्यार्थ्यांपैकी ज्यांची गावे पालघर किंवा ठाणे जिल्ह्यात आहेत, त्यांना त्यांच्याच तालुक्यातील पंचायती, शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे नेमून द्यावीत, अशी सूचना इथे ठेवावीशी वाटते. शिक्षकाने आठवड्यातून एक फेरी मारावी, गटविकास अधिकाऱ्याने पत्र द्यावे, पंचायतीने जेवणाची आणि प्रवासाची सोय पाहावी. प्रत्येक ठिकाणी एक कागद तयार व्हावा आणि तो राउटरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा. त्यावर कोणती तार कुठून कुठे जाते याची साधी आकृती, प्रत्येक यंत्राचा पत्ता, तक्रारीचा दूरध्वनी क्रमांक, भूयोजन शेवटचे केव्हा तपासले ती तारीख, आणि सर्वांत खाली बॅटरी बसविल्याचा महिना व वर्ष लिहिलेले असावे. पासवर्ड मात्र त्या कागदावर नसावा. तो ग्रामसेवकाकडे बंद लिफाफ्यात राहावा.